परतीचं जेवण सांगून ठेवा

सह्याद्रीत पहिल्यांदाच भटकायला निघालेली मुलं-मुली मला विचारतात, सॅकमध्ये काय काय भरू? सॅकचं पुढे सांगतोच. पण त्याआधी मी त्यांना विचारतो, की तुम्ही नेमके कुठे जाताय आणि कधी परतणार आहात, हे किती जणांना ठाऊक आहे? बहुतेकांचं उत्तर असतं, "घरी सांगितलंय ट्रेकला जातोय म्हणून." एवढं पुरत नाही. घरचं एक माणूस आणि पायथ्याच्या गावातलं एक माणूस, अशा दोघांना तुमची परतायची वेळ माहीत असलीच पाहिजे. हे मी शिकलो तो प्रसंग आधी सांगतो.

डिसेंबरातला रविवार होता. आम्ही पाच जण हरिश्चंद्रगडावरून पायथ्याच्या खिरेश्वर गावी उतरत होतो. तोलार खिंडीतलं व्याघ्रशिल्प मागे टाकलं आणि साडेचारच्या सुमारास आमच्यातल्या एकाचा पाय सुट्या दगड-मातीच्या घसाऱ्यावरून सरकला. घोटा आत वळल्याचा आवाज मागच्या माणसालाही ऐकू आला. पाच मिनिटांत बुटाच्या वर सूज आली. रेंज नव्हती. पाच जणांत बॅटऱ्या दोन. त्याला दोघांच्या खांद्यांवर घेऊन पाऊण तासात आम्ही जेमतेम दोनशे पावलं उतरलो असू, आणि सहाला सूर्य बुडाला.

सकाळी निघताना गावातल्या एका घरी आम्ही जेवण सांगून ठेवलं होतं. पिठलं-भाकरी, पाच माणसांची, साडेपाचला येतो म्हणून. साडेपाच झाले, सहा झाले. साडेसहाला त्या घरच्या मामांनी चुलीवरचं पिठलं खाली उतरवलं, दोन पोरं, दोन वासे आणि एक घोंगडी घेतली आणि ते वर निघाले. सव्वासातला खालून हाळी आली. घोंगडीची झोळी करून त्यांनी आमच्या मित्राला दहाच्या आत गावात आणलं आणि जीप काढून दवाखान्यात पाठवलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. त्या रात्री आमच्या सॅकमधल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ते सांगून ठेवलेलं जेवण कामाला आलं.

पहिलं काम: घरी चिठ्ठी

निघायच्या आदल्या दिवशी एक मजकूर लिहा आणि घरच्या अशा माणसाला पाठवा जो तो वाचेल आणि वेळ झाली की खरोखर काही हालचाल करेल. साधारण असा:

"शनिवारी पहाटे पुण्याहून निघून खिरेश्वर (ता. जुन्नर, जि. पुणे). तिथून तोलार खिंडीने हरिश्चंद्रगड. मुक्काम गडावर. रविवारी त्याच वाटेने उतरणार, संध्याकाळी साडेपाचपर्यंत खिरेश्वरात. पाच जण, सगळ्यांचे आणि त्यांच्या घरचे नंबर खाली. गाडी अमुक नंबरची, गावातल्या अमक्यांच्या अंगणात. रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर गावातल्या या नंबरवर विचार. तिथूनही काही कळलं नाही तर नऊ वाजता ११२ या आपत्कालीन क्रमांकावर."

तालुका आणि जिल्हा मुद्दाम लिहायला सांगतोय. हरिश्चंद्रगड एकच, पण त्याच्या भोवती तीन जिल्हे आहेत. पाचनईकडून चढलात तर अकोले तालुका, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. खिरेश्वर पुण्यात. कोकणकड्याच्या खालचं बेलपाडा मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाण्यात. नुसतं "मुलगा हरिश्चंद्रगडाला गेलाय" असं आईने फोनवर सांगितलं, तर कुठल्या पोलीस ठाण्याला कळवायचं इथपासून सुरुवात होते आणि अंधारातला एक तास त्यातच जातो.

ऐनवेळी वाट बदलली तर चिठ्ठीही बदला. रेंज असलेल्या शेवटच्या ठिकाणाहून एक एसएमएस पुरतो.

प्रत्येकाने आपल्या पाकिटात एक कागदही ठेवावा: नाव, रक्तगट, घरचा नंबर, चालू असलेली औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते. दमा, मधुमेह, फिट येणं यांपैकी काही असेल तर सोबतच्या किमान एकाला ते माहीत हवं आणि औषध कुठल्या कप्प्यात आहे तेही. याची लाज बाळगून लपवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो.

दुसरं काम: पायथ्याचं गाव

गावातून नुसते निघून जाऊ नका. दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, बोला. वाटेत पाणी आहे का? मोठी दरड कुठे आली आहे का? ओढ्याला पाणी किती आहे? कुठल्या फाट्यावर लोक चुकतात? नकाशावर नसलेली माहिती इथे मिळते. मग परतीचं जेवण सांगा, वेळ सांगा, त्यांचा नंबर घ्या आणि आपला द्या. जेवायचं नसेल तर चहा सांगा. गावात कुणाकडे जीप आहे आणि मुक्कामी एसटी येते का, हेही विचारून घ्या.

सुट्टे पैसे जवळ हवेत, दहापासून शंभरपर्यंतच्या नोटा. रेंज नाही तिथे मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत, आणि रात्री जीपवाल्याला डिझेलला पैसे लागतात.

वाट माहीत नसेल तर गावातला वाटाड्या घ्या. ठाकर, महादेव कोळी, धनगर ही माणसं ज्या डोंगरात लहानाची मोठी झाली, तिथे आपण सुट्टीपुरते जातो. एका दिवसाच्या त्यांच्या मेहनतान्यावर घासाघीस करू नका.

सॅक

आता सॅक. माणशी एक बॅटरी, शक्यतो डोक्याला बांधायची, आणि तिचे जादा सेल. मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च धरू नका, कारण त्याच बॅटरीवर तुम्हाला फोन करायचा आहे. एक शिट्टी, सॅकमध्ये नाही, गळ्यात. सॅक दरीत गेली तर शिट्टीही गेली. चार्ज केलेली पॉवर बँक. पाणी हिवाळ्यात माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार-पाच. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर उन्हाळ्यात जाऊ नका. आधी गावात विचारा. ओआरएसची चार पाकिटं. ती संपली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण पाठ करून ठेवा, मीठ जास्त पडू देऊ नका.

औषधांत क्रेप बँडेज दोन, जाळीची पट्टी, चिकटपट्टी, जंतुनाशक, पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीसाठी सेट्रिझिन आणि स्वतःची नेहमीची औषधं एक दिवस जास्तीची. एक मोठं प्लास्टिक किंवा ताडपत्रीचा तुकडा, पाऊस-वाऱ्यात दोन माणसं त्याखाली बसू शकतील एवढा. कोरडा टी-शर्ट आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. लायटर. चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे, आणि यातला एक हिस्सा उतरून गाडीत बसेपर्यंत फोडायचा नाही.

दोर घ्यायचा का? वापरता येत नसेल तर नको. न शिकलेल्या माणसाच्या हातातला दोर त्याला नसतं धाडस करायला लावतो.

परदेशातल्या भावाने किंवा मैत्रिणीने भेट दिलेलं उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण किंवा सॅटेलाइट फोन असेल तर ते तिकडेच ठेवा, भारतात आणूच नका. इथे सरकारी परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे आणि त्यापायी विमानतळावर माणसं अडकली आहेत. अमेरिकेहून सुट्टीला येऊन रतनगड करू म्हणणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

फोनमध्ये त्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून घ्या. रेंज नसली तरी फोनला आपली जागा कळते. चालताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

तिसरं काम: मागे फिरायची वेळ

सकाळी पायथ्यालाच ठरवा की अमुक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. माथा दहा मिनिटांवर असला तरी. हिवाळ्यात सहाला सूर्य मावळतो, पण नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, आणि दाट झाडीत अंधार त्याच्या आधी येतो. उतरायला कमी वेळ लागतो हा समज घसाऱ्यावर खोटा ठरतो. दमलेले गुडघे आणि सुटे दगड एकत्र आले की उतरायला चढण्याएवढाच वेळ धरावा. आमचा अपघातही उतरतानाच झाला, घाईत.

एकत्र चाला. सगळ्यात हळू चालणारा पुढे, अनुभवी माणूस सगळ्यात मागे. फाट्यावर थांबायचं आणि डोकी मोजायची.

वाट चुकली असं वाटलं तर थांबा. डोंगरात मळलेल्या वाटेसारख्याच दिसणाऱ्या ढोरवाटा असतात. त्या गुरांच्या चाऱ्यापर्यंत किंवा पाण्यापर्यंत जातात आणि कारवीच्या झुडपांत विरून जातात. पाच मिनिटं खुणेचं काहीच दिसलं नाही, तर शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत परत जा. गावातली माणसं याला चकवा लागला म्हणतात आणि त्यावरचा त्यांचा उपायही तोच आहे: बसा, पाणी प्या, मग उठा. ओढा धरून उतरलं की गाव लागतं हे सह्याद्रीत मानू नका. इथला ओढा सरळ कड्यावरून उडी घेतो आणि तुम्ही वर अडकता.

पाऊस आणि पाणी

याबाबत मी जरा कठोर बोलणार आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी वाढत असताना ती मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभी होती. काठावरच्या लोकांना ती दिसत होती आणि हात पोहोचत नव्हता.

तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या पठारावर पाऊस पडत असतो. सकाळी घोटाभर असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या आणि पानं वाहत आली, आवाज जाड झाला, की त्याच क्षणी काठावर या, सामान राहिलं तरी चालेल. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर ओलांडायचं नाही. ओलांडावंच लागलं तर सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकता येते. पण बहुतेक वेळा ओलांडायची गरजच नसते. आपले ओढे लांबीला लहान असतात, वरचा पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. अलीकडच्या काठावर ताडपत्रीखाली रात्र काढावी लागली तर काढा. गावातल्या मामांना वेळ माहीत असेल, तर ते पलीकडच्या काठावर येऊन उभे राहतीलच.

भिजलेल्या अंगाला माथ्यावरचा वारा लागला की जुलैतही माणूस गारठतो. दात वाजणं, बोलणं अडखळणं, हाताने चेन लावता न येणं ही लक्षणं दिसली तर आडोसा, कोरडे कपडे, गोड खाणं, आणि दोन माणसांच्या मध्ये बसवणं. दारू अजिबात नाही.

काही घडलंच तर

आधी सगळे जण सुरक्षित जागी या, म्हणजे दुसरा माणूस पडणार नाही. मग जखमीकडे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उघडून न पाहता. हाड मोडल्यासारखं वाटलं तर वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून काठी किंवा घडी केलेल्या मॅटने अवयव बांधा. बूट काढायची घाई नको, नाडी सैल करा. बांधल्यावर बोटाचं नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही किंवा बोटं बधिर झाली तर गाठ घट्ट आहे. उंचावरून पडलेल्या, मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्या माणसाला हलवू नका. त्याला पांघरूण घाला आणि मदतीची वाट बघा.

उन्हात चालताना कुणी असंबद्ध बोलायला लागला आणि अंग तापलेलं असलं, तर तो उष्माघात समजा. सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा घाला. मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. हे सगळं जिथे आहात तिथेच सुरू करा.

साप चावला तर पहिली गोष्ट म्हणजे त्याला शोधत बसू नका, मारू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर सरकारी रुग्णालयांत एकच प्रतिसर्पविष दिलं जातं. हिरवा चापडा हा विषारी साप त्यात येत नाही, पण त्याच्या दंशावरही उपचार डॉक्टरच करतात. चावलेल्या हातापायातली अंगठी, कडं, पैंजण, घड्याळ काढा, कारण सूज येणार. हाड मोडल्यावर बांधतो तसा तो अवयव काठीला बांधून स्थिर ठेवा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. वेळ लिहून ठेवा. माणसाला चालवू नका, उचलून न्या. वाटेत मांत्रिकाचं घर लागलं आणि कुणी आग्रह केला तरी थांबायचं नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, तिची खूण दिसेलच असं नाही आणि दुखतही नाही. म्हणून उघड्यावर किंवा गुहेत झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या उघडेनात, तर त्याला "पित्त झालं" म्हणून सोडू नका. तंबूची चेन रात्रभर बंद आणि सकाळी बूट झटकून घालायचे.

लाल विंचू कोकणात आणि घाटाखाली फार. त्याच्या दंशाने पूर्वी मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि असंख्य जीव वाचले. दंशानंतर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर नुसती वेदना म्हणून सोसत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आग्या मोहोळ कड्यांवर आणि लेण्यांच्या कपारीत असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हातवारे न करता चेहरा झाकून लांब पळा. काटे नखाने खरवडून लगेच काढा. चेहरा सुजला, श्वास अडला तर तो जिवावरचा प्रसंग आहे.

मदत बोलावताना

११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीची असेल तर हा फोन लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज अगदीच तुटक असेल तर घरच्या माणसाला एसएमएस करा. बोलणं होत नाही तिथूनही तो कधीकधी जातो. मजकुरात जिल्हा, तालुका, गाव, कुठल्या वाटेवर, काय झालं, किती वाजता, किती जण, जखमी शुद्धीवर आहे का आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत यातला पहिला आकडा उत्तरेला २१ आणि दक्षिणेला १५-१६, दुसरा ७३-७४ च्या आसपास असतो. काही भलतंच दिसलं तर परत पाहा.

महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहण संस्थांच्या बचाव पथकांची जोडणी करणारी यंत्रणा आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या पथकांतली माणसं आपापला कामधंदा सोडून स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांचा मदत क्रमांक निघायच्या आधीच फोनमध्ये आणि कागदावर लिहून घ्या. पण त्यांना शहरातून पायथ्याला आणि पायथ्यावरून तुमच्यापर्यंत यायचं असतं. अर्धी रात्र धरून चाला. तोवर तुमच्याकडे पोहोचतील ती गावातलीच माणसं.

रेंजच्या शोधात किंवा गावात निरोप द्यायला जायचं तर दोघांनी जा, एकट्याने नको, आणि वर लिहिलेला सगळा मजकूर कागदावर घेऊन जा. दमलेला माणूस सांगताना विसरतो. जखमीजवळ कायम कुणीतरी हवं. म्हणूनच नवख्यांनी चारपेक्षा कमी जणांनी आडवाटेला जाऊ नये.

बसून राहिलेल्यांनी शिट्टी वाजवायची: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. रात्री हेच बॅटरीने. ऐकणारा मिनिटात तीन वेळा वाजवून उत्तर देतो. मधली शांतता महत्त्वाची आहे, तेव्हाच खालची हाळी ऐकू येते. आम्ही त्या रात्री सतत ओरडत होतो. मामा नंतर म्हणाले, "तुमचा आवाज येत व्हता, पर मी हाक दिली तर तुमी ऐकाया तयारच नाय."

आणि सुखरूप उतरलात की दोन फोन करा, एक घरी आणि एक गावात. जेवण सांगून गेलात आणि वर कुणी भेटलं म्हणून पाचनईकडे उतरलात, असं सर्रास होतं. तेव्हा रेंज आल्या आल्या खिरेश्वरच्या त्या घरी कळवा आणि न खाल्लेल्या भाकरीचे पैसे पाठवून द्या. नाहीतर तो माणूस वासे आणि घोंगडी घेऊन अंधारात तुम्हाला शोधायला निघेल.